दादासाठी माणसाळलेल्या कोंबड्या

४ मार्च, बुधवार

दादा बोलला! मी येऊन सतरा दिवस झाले, आतापर्यंत नुसतं "हूं" आणि "अंहं". आज वहिनीनं चहा नेऊन ठेवला तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "चालताना कशी दिसते गं कोंबडी?"

वहिनी कप धरून तशीच उभी. मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

अकरा वर्षं तो कोंबड्यांच्या कारखान्यात टांगणीवर होता. क्रेटमधून पाय धरून काढायची, उलटी करायची, सरकत्या साखळीच्या आकड्यात अडकवायची. मिनिटाला बावीस. खोलीत निळा उजेड – त्यात त्या फडफडत नाहीत म्हणे. पुढचं सगळं शेजारच्या खोलीत. डिसेंबरात उजवं मनगट कामातून गेलं, आणि मनगटामागून तो. तेव्हापासून बिनपगारी रजा आणि ही भिंत.

"जमिनीवर पाय टेकून चालणारी एकही बघितली नाही मी," म्हणाला. एवढंच. 

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणते, "कोंबड्या आणूया."

"वहिनी, वेड लागलंय का तुला? त्यालाच कोंबड्या?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, हातात काहीतरी जिवंत द्या. आणि कारखान्याचा नियम माहितीये ना तुला? ज्याच्या घरी पक्षी, त्याला आत पाऊल टाकू देत नाहीत. रोग नेतो म्हणून. अंगणात कोंबड्या असल्या की मुकादम कितीही बोलवू दे – हा जाऊच शकणार नाही."

वहिनी एवढी पोचलेली असेल असं वाटलं नव्हतं! आवडली मला.

५ मार्च, गुरुवार

काम माझ्या गळ्यात. "तू रिकामीच आहेस," वहिनी म्हणाली. ती सकाळी सहाला लॉन्ड्रीत जाते ती संध्याकाळी येते, तेव्हा खरंच आहे. "पण माणसाळलेल्या बघ. टोचणारी, अंगावर येणारी एक जरी आणलीस तर तो परत खोलीत. आणि मग तुझी गाठ माझ्याशी."

मी बोटीवर भांडी घासलीत, सर्कशीत तिकिटं फाडलीत, एका फोटोवाल्याकडे नुसता दिवा धरून उभी राहिलेय. कोंबडीतलं मला काय कळतं? अंडं. आणि ते उकडलेलं.

वाचनालयातून पुस्तक आणलं. फाटकं आहे, 'ल' ते 'स' पानं गायब. लेगहॉर्नचं अर्धं पान उरलंय, त्यात एवढंच की अंडी रग्गड देते पण सावली हलली तरी उडते. म्हणजे ती बाद. ऑर्पिंग्टन – गुबगुबीत, शांत. ब्रह्मा – केवढी मोठी, पायांनासुद्धा पिसं, स्वभाव आजीबाईचा. कोचीनही चांगली, पण सारखी खुडूक बसते. माणसांचंही असं पुस्तक असतं तर? "दादा: जात शांत. एकदा बसला की उठत नाही."

छे. असलं लिहू नये.

७ मार्च, शनिवार

पुलापलीकडच्या कोंबडीवाल्या मावशीकडे गेले. वाटेत तीन पायांचा कुत्रा दिसला, त्याच्यामागे अर्धा तास कुठल्या कुठे गेले! तो एका शिंप्याच्या दुकानात शिरला आणि थेट मशीनखाली जाऊन झोपला. त्याचं घर होतं ते. मी बाहेर उभी राहिले बावळटासारखी.

मावशी म्हणजे तोंडाचा पट्टा. "प्रेमळ कोंबडी पाहिजे? का, लग्न जुळवायचंय कुणाचं?" मी दादाचं सांगितलं. मग तिनं थट्टा सोडली. म्हणाली, "इथे खाली बस. दाणा टाकू नकोस, हात हलवू नकोस. बघ कोण येतं ते. जी आपल्या पायानं येते आणि तुझ्या बुटाच्या नाडीची चौकशी करते, ती घे. आणि दुसरं एक लक्षात ठेव—"

तेवढ्यात मागे दोन कोंबडे असे जुंपले की धूळ माझ्या डोक्यावर! मजा आली. एक हरला आणि न हरल्यासारखा चालत गेला. आमच्या सर्कशीचा मालक असाच चालायचा.

तीन ठरवल्या. दोन पिवळ्या ऑर्पिंग्टन, एक ब्रह्मा. पुढच्या शनिवारी न्यायच्या. "आठवडाभर बुजतील," मावशी म्हणाली. "रोज त्यांच्यात जाऊन बसायचं. धीर पाहिजे. आहे का तुझ्याकडे?"

नाही. पण मान हलवली.

११ मार्च, बुधवार

खुराडं केलं. जुन्या कपाटाचं. हातोडी अंगठ्यावर बसली. दादा खिडकीतून बघत होता का? पडदा हलला होता.

बोटीवरच्या मैत्रिणीचा निरोप – "३१ ला सुटतोय. तुझी जागा धरून ठेवलीय. येतेस ना, की मुळं फुटली?" मुळं! मला! चार महिन्यांवर मी कुठे टिकलेय?

१४ मार्च, शनिवार

तिघी आल्या. आल्या आल्या कुंपणाला चिकटून बसल्या. मी पुढे गेले की त्या मागे. दादानं उठून बघितलंसुद्धा नाही. वहिनी म्हणाली, "होईल हळूहळू." हळूहळू! तिला बोट पकडायची नाहीये.

१५ मार्च, रविवार

आज मी कमाल केली! बाजारात एका पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पांढरी सिल्की जातीची कोंबडी. पिसं कसली, कापूसच. बाकीच्या कलकलाट करतायत आणि ही डोळे मिटून गप्प. उचलली – हूं नाही की चूं नाही. माझ्या कोपरावर मान टेकवली. "जन्मजात गरीब आहे हो, लेकरासारखी," विकणारा म्हणाला, आणि मी घासाघीस करायच्या आतच त्यानं किंमत उतरवली. आठवडाभर बसायला नको, काही नको. मांजरासारखी, आयती माणसाळलेली!

घरी आले ती तडक दादाच्या खोलीत. "बघ, ही पळत नाही."

तो वळला. खूप वेळ बघत राहिला तिच्याकडे. तिचे डोळे बघितले, नाक बघितलं, पंखाखाली बोट घातलं. मला वाटलं, आता म्हणेल घेऊन जा. पण त्यानं दोन्ही हात पुढे केले. दुखरासुद्धा. आणि तिला छातीशी धरून अंगणात आला. अंगणात! तीन महिन्यांनी!

वहिनीनं एकच पातेलं तीनदा घासलं. मी मोजलं.

१७ मार्च, मंगळवार

रोज दोन-दोन तास बाहेर बसतो. पांढरी मांडीवर, बाकीच्या तिघी पायाशी. आता बुजत नाहीत, ब्रह्मा तर त्याच्या चपलेवर उभी राहते. पांढरी खात कमी, त्यांच्याच भांड्यातलं पाणी तेवढं पिते.

"भिंगरे, इकडे ये," मला हाक मारली! लहानपणची हाक. "बघ हं. आधी मान पुढे जाते. मग मान थांबते आणि अंग येतं मागून. सगळ्याच अशा चालतात का?"

"सगळ्याच."

"अकरा वर्षं," म्हणाला. 

मी पिशवी भरायला घेतलीय. दोन सदरे आणि ही वही, अजून काय लागतं?

१९ मार्च, गुरुवार

पांढरी मेली. त्याच्या मांडीवरच, दुपारी. शेवटी मान वाकडी करून आभाळाकडे बघत होती.

मी म्हटलं, "दादा, काल तर बरी होती रे."

"नव्हती. आणलीस तेव्हाच आजारी होती. धडधाकट कोंबडी अशी हातात येत नाही. आमच्याकडे अशी दिसली की बाजूला काढायची – तेच पहिलं शिकवतात."

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"मांडीवर बसली होती ना."

दुसरं काही म्हणाला असता तर मी भांडले असते.

२० मार्च, शुक्रवार

मावशीकडे धावत गेले. ऐकून ती मटकन खाली बसली. "सांगत होते तुला. जी बसल्या जागी उचलू देते ती घ्यायची नाही. गरीब नसते ती, संपत आलेली असते. पण तू त्या कोंबड्यांची मारामारी बघत होतीस." मग म्हणाली, "माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. कपड्यांवरून येतो तो रोग." फाटक लावून घेतलं. बरोबरच आहे तिचं.

२३ मार्च, सोमवार

दोन्ही पिवळ्या गळल्या. एकीची मान पिळल्यासारखी फिरली, चालायला जाते आणि गोल गोल फिरते. हिरवी घाण. ब्रह्मा तेवढी उभी आहे, तोंड उघडं टाकून.

पशुवैद्यबाई आल्या, कुंपणाबाहेरूनच म्हणाल्या, "मानमोडी. औषध नाही. तिसरीसुद्धा गेल्यातच जमा. आजच्या आज संपवा, खोल पुरा, चुना टाका. मी करू, की घरात कुणी करेल?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे.

दादा मागून म्हणाला, "मी करतो."

आम्हाला आत पाठवलं. मी खिडकीतून बघितलं, बघायला नको होतं. एकेकीला आधी मांडीवर घेतलं. उलटी एकीलाही केलं नाही. डाव्या हातानं धरायची, उजव्यानं एकच झटका – मनगट दुखत असणार, पण झटका एकच. ब्रह्मा चालत आली त्याच्याकडे. आपल्या पायानं. तिला सगळ्यात जास्त वेळ घेऊन बसला.

नंतर खुराडं जाळलं. तिघांचे कपडे जाळले. अंगण पांढरंफटक.

सगळं माझ्यामुळे. एक आठवडा बसले असते तर! एक आठवडा.

२४ मार्च, मंगळवार

दादा अंथरुणावर नाही. टेबलाशी बसलाय. दाढी केली. पाव खाल्ला, अंडं मागितलं. वहिनीचा चेहरा उजळला. माझा नाही. तो बरा झालेला दिसत नाही, तयार झालेला दिसतो.

२७ मार्च, शुक्रवार

मुकादम आला. बरा माणूस आहे, म्हणून जास्त राग येतो. टोपी काढून बसला. "टांगणीवर माणूस टिकत नाही रे. पोरं येतात, दुपारी पळतात. आत्ता एक जागा आहे, एकच. तुझ्यासाठी सहा तारखेपर्यंत धरतो. कोंबड्या होत्या ते ऐकलं. आता नाहीत ना? चुना टाकला, कपडे जाळले? बास. दहा दिवस जाऊ दे आणि ये."

वहिनी म्हणाली, "त्यांचं मनगट—"

"पट्टा बांधून करतात, वहिनी. निम्मी लाईन पट्टा बांधून करते."

दादा म्हणाला, "येतो."

मुकादम गेल्यावर वहिनी पहिल्यांदा ओरडली. "कशाला जातोस? मी ओढतेय ना?"

"किती दिवस ओढशील? घरभाडं सुटलंय का? या गावात दुसरं आहे काय?" हळू आवाजात बोलत होता. "हात विसरला नाहीये माझा. सोमवारी दिसलंच ना. मग बसून काय करू?"

खरंच या गावात दोनच गोष्टी आहेत, कारखाना आणि त्याचा वास. मी काम शोधायला निघाले. बेकरी, टपाल, न्हावी, शिंपी. शिंप्याकडे त्या कुत्र्यानं शेपूट हलवली. काम नाही.

२९ मार्च, रविवार

दादा अंगणात उभा. चुन्यात त्यांच्या पावलांचे ठसे नाहीत, काहीच नाही. तरी बघत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"पुढच्या महिन्यात पुन्हा आणू. मावशीच्या पाया पडते मी," म्हटलं.

"नको. मग कामावर घेणार नाहीत." चुन्याकडे बघतच म्हणाला, "आता जड जाईल गं. आधी माहीत नव्हतं ना, चालताना कशा दिसतात."

हे त्याला मी दाखवलं.

३१ मार्च, मंगळवार

बोट सुटली असेल. निरोप पाठवला नाही.

१ एप्रिल, बुधवार

वहिनी दादाचे कामाचे बूट पुसत होती. पुसते, खाली ठेवते, परत उचलते.  मी इथे आल्यापासून ती माझ्यावर एकदाही रागावली नाहीये, आणि मला ते सोसत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

टांगणीवर जागा एकच होती, दादासाठी सहा तारखेपर्यंत धरलेली. मी चार दिवस आधी गेले.

मुकादम म्हणाला, "तू? दुपारपर्यंत तरी टिकशील का?" मी म्हटलं, कागद आणा. तीन वर्षांची सही केली. उद्या पहाटेपासून टांगणी. घरी पॅकिंगचं काम मिळालं असं सांगितलंय.