हवाबंद मॅटाडोर

हर्णै, ता. दापोली
१२ डिसेंबर २००१

चि. चैतालीस,

बाबांचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत.

पत्र लिहायचं कारण म्हणजे इथला फोन बहुतेक वेळा मुका असतो. बोलता झालाच, तर तुझी आई जेवलीस का एवढं विचारून ठेवून देते. मग निदान कागदावर तरी सविस्तर बोलावं म्हटलं.

सहा तारखेचं अभिवादन करून दोन दिवसांनी विश्रांतवाडीहून निघालो. वरंधा घाटात मॅटाडोर तापली. म्हातारं माणूस चढावर बसतंच, तशी बसली जरा. पाणी पाजलं, निघाली. आता दत्तोबाच्या नारळाच्या वाडीत उभी आहे, समोर समुद्र. दत्तोबा तुला आठवत असेल, भोसरीला आमच्या बसबॉडीच्या कारखान्यात रंगारी होता. व्हीआरएस घेऊन गावी परतला. तो म्हणतो, घर आहे की माझं, गाडीत कशाला राहता? मी म्हटलं, बाबा रे, हेच तर घर आहे.

आणि काय घर झालंय! खाट, शेगडी, पाण्याची टाकी, भिंतीला बाबासाहेबांची तसबीर. पण खरी कमाल खिडक्यांची. उभी हयात मी बसच्या खिडक्या बसवल्या आणि त्या खडखडतात म्हणून उभी हयात शिव्या खाल्ल्या. या वेळी प्रत्येक काचेला दुहेरी रबर घातलं, फटीत रबर चिकटवायचं सोल्युशन भरलं, वरून रेक्झिन मारलं. पुण्याहून इथवर एक काच हूं की चूं करेल तर शपथ! मुंगी शिरायची नाही.

आईची तब्येत ठीक. काळजी नसावी.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

पुणे
१८ डिसेंबर २००१

ती. बाबा आणि आई यांना,

सविनय जयभीम.

बाबा, पत्र मिळालं. रबरावर पानभर आणि आईवर एक ओळ! मी तुमचीच मुलगी आहे, मला वाचता येतं. ठीक म्हणजे नक्की काय? गेल्या थंडीत आई उशांची चळत पाठीशी घेऊन बसून झोपत होती, तेव्हाही आत्याला तुम्ही ठीकच कळवलं होतंत. शेवटी ऑक्सिजन लावायला लागला. तिथे रात्री-अपरात्री काही झालं तर कुठे पळणार आहात? डॉक्टरांनी थंडीत पुण्याबाहेर ठेवा म्हटलं, हे मला मान्य आहे. पण बाहेर म्हणजे मॅटाडोरमध्ये, असं ते म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही.

इथे सकाळी हिंजवडीची बस पकडताना हात गारठतात. रस्ता रुंद करतायत, सगळीकडे धूळ. आई नाही तेच बरं, असं वाटतं आणि मग घरात शिरल्यावर नको वाटतं. शैलाकाकू रोज जिन्यात गाठून विचारतात की आई-बाबांनी घर विकलं का. मी म्हटलं, नाही, चाकं लावली.

आईनं स्वतःच्या हातानं लिहावं. प्रोजेक्टची डेडलाइन आहे, त्यात हे टेन्शन नको.

रागावले आहे, पण लोभ शाबूत आहे.
चैताली

हर्णै
२६ डिसेंबर २००१

चि. चैतालीस,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र यांनी आधी स्वतः वाचलं, मग मला दिलं. तोंड कसं झालं होतं ते सांगण्यासारखं नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं. इथं आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळीच मला धाप लागली. वारा सुटला तसं यांनी सगळं गच्च लावून घेतलं, थंडी बाधेल म्हणून. मी आत बोंबील तळत होते. धूर जाणार कुठं? त्यात त्या सोल्युशनचा वास. दम्याचा पंप मारला, दोनदा मारला, काही उपयोग नाही. पाण्यात बुडाल्यासारखं झालं ग. वाटलं, संपलं. तुझं लग्न बघायचं राहिलं, हेच मनात आलं. दत्तोबाभाऊंनी रिक्षा आणली, दापोलीला नेलं, वाफ दिली तेव्हा जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर इकडे कुणाला तपासायला आले होते, ते आपली गाडी बघायला आत शिरले. शिरले तसे खोकत बाहेर आले. यांना म्हणाले की अहो, यात माणूस ठेवलाय की लोणचं घातलंय? मला हसू आवरेना. हे मात्र काचा पुसत बसले.

बाहेर मला छान वाटतं. ऊन कोवळं, हवा उबदार, दिवसभर पंपाची आठवण येत नाही. पण आत गेलं की छाती भरते. रबर काढा म्हणते, तर म्हणतात की मग खडखडेल. दत्तोबाच्या ओटीवर झोपू म्हणते, तर म्हणतात की गाडी कशाला केली मग? यांचा रुसवा काढू की श्वास घेऊ, तूच सांग बाई.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आई

पुणे
१ जानेवारी २००२

ती. बाबांना,

जयभीम. नवीन वर्षाच्या शुभेच्छा नंतर देईन.

आईला दम लागतो आणि तुम्ही खिडकीचा मान सांभाळता? शाबास! मी रजा टाकली आहे. शनिवारी, बारा तारखेला, गाडी करून येते आणि आईला घरी घेऊन जाते. इथल्या थंडीचं काय ते मी बघेन, निदान डॉक्टर दोन गल्ल्यांवर आहेत. यात चर्चा नाही.

तरीही तुमचीच,
चैताली

हर्णै
७ जानेवारी २००२

चि. चैतालीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र म्हणजे कारखान्यातला मेमोच होता. पोचला.

पत्र वाचल्यावर चहासुद्धा घेतला नाही. पकड घेतली आणि सगळं रबर ओढून काढलं. रेक्झिन फाडलं, छताला दोन झरोके पाडले. दत्तोबा मदतीला आला आणि म्हणाला, बाबूराव, घातलंत त्याच्या निम्म्या वेळात काढलंत. आता दर्याचा वारा आला की सगळ्या काचा वाजतात. वाजू देत. मेली ती शांतता.

पण लिहायचं आहे ते निराळंच. काल दुपारी आई आत पडली होती. मी बाहेर बांगडे साफ करत होतो. मधेच ध्यानात आलं की आतून काहीच ऐकू येत नाही. चैताली, इतके हिवाळे तुझ्या आईच्या छातीची शिट्टी ऐकत मी झोपलोय. ती वाजते आहे म्हणजे ही आहे, असा माझा हिशेब. आणि काल शिट्टीच नाही. सुरी तिथंच टाकली. तसाच आत धावलो, तर ही एका उशीवर, सपाट, आडवी. खांदे धरून गदागदा हलवली. डोळे उघडून म्हणाली की काय मेलं, हाताला माशाचा वास येतोय, आणि कूस बदलून पुन्हा झोपली. तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, लहान पोरीसारखी. मी तिथंच फळीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. तुझ्यापासून आता काही लपवत नाही.

तू शनिवारी ये. काय ठरवायचं ते आईला बघूनच ठरव.

तुझ्या रागासकट तुझा,
बाबा

ता. क. खालचं मी, आई, लिहिते आहे. कालपासून हे दर घटकेला येऊन माझ्या नाकाशी बोट धरतात. मला गाढ झोप लागते आणि हे जागं करून विचारतात की झोपलीस ना. तू न्यायला येतेच आहेस, तर यांना घेऊन जा. मी होळीपर्यंत इथंच राहते.