दाखविलेली दया मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अनुज्ञापन निरीक्षक साहेब,
महानगरपालिका विभाग कार्यालय, मुंबई.

विषय : लालबाग येथील आमच्या चाळीच्या नाक्यावरील विनापरवाना फलक तातडीने उतरविण्याबाबत.

संदर्भ : याच अर्जदाराचा मागील महिन्यातील अर्ज, ज्यात हाच फलक राहू द्यावा अशी विनंती केली होती.

महोदय,

१. अर्जदार माधव घाडीगावकर हा भायखळ्याला एका नोटरीकडे अर्ज टंकण्याचे काम करतो. त्याचा शेजारी व लहानपणापासूनचा मित्र सुशांत मेस्त्री यास जबड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली; आता रेडिएशन घ्यायचे आहे, आणि ते वेळेत घेतले तर माणूस वाचेल असे डॉक्टर म्हणतात. खर्च त्याच्या घराच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून सुशांत इस्पितळात असताना अर्जदाराने पुढाकार घेऊन नाक्यावर मदतीचा फलक लावला. सुशांतला विचारले नाही. विचारले असते तर तो नको म्हणाला असता, हे ठाऊक असल्यामुळेच विचारले नाही.

२. आमच्या चाळीत अशा मदतीची रीत वेगळी आहे, ती साहेबांस कळणे जरूर आहे. कुणावर प्रसंग आला की झाकणाचा डबा दारोदार फिरतो. डबा नेणारा "एका घरासाठी" एवढेच म्हणतो. कोणते घर, हे सर्वांना माहीत असते आणि कुणी विचारत नाही. ज्याच्यासाठी डबा फिरतो त्याच्याही दारात तो नेतात व तोही आत काहीतरी टाकतो, म्हणजे त्याला उद्या चारचौघांत मान वर करून उभे राहता येते. हा डबा इतकी वर्षे सुशांतनेच फिरवला. अर्जदाराचे वडील आजारी होते तेव्हाही त्यानेच फिरवला होता.

३. कर्करोगाला डबा पुरणार नाही असे अर्जदारास वाटले व ते खरेही होते. पण पुढे जे केले ते सांगताना लाज वाटते. फलक छापणारा म्हणाला, "दादा, हसऱ्या फोटोला पैसे पडत नाय." अर्जदाराजवळ सुशांतचा चांगला फोटो होता. तो बाजूला ठेवून त्याने इस्पितळातला दिला. त्यात एका बाजूचा जबडा नाही, नाकात नळी आहे आणि डोळे सुजलेले आहेत. "कणकवलीला तुझ्या ताईला पाठवतो" असे सुशांतला सांगून अर्जदाराने तो काढला होता. त्यावर मंडळाच्या पोरांनी नेहमीच्या सवयीने एक भावी नगरसेवक आणि शुभेच्छुकांची रांग बसवली. सगळे गॉगल लावून हसताहेत आणि मधोमध सुशांत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

४. आपली माणसे फलक काढण्यास आली तेव्हा अर्जदाराने संदर्भीय अर्ज सादर केला. त्यात रुग्ण मरणपंथास लागला आहे असे लिहिले. ते खोटे होते. रडगाणे सरकारी भाषेत बसविणे हे अर्जदाराचे पोटापाण्याचे काम असल्याने ते फारच चांगले बसले. आपण वाचता वाचता चष्मा पुसलात, स्वतःच्या खिशातून मदत दिलीत व फलक राहू दिलात. आपल्या चांगुलपणाविरुद्ध तक्रार करण्याची पाळी येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

५. घरी आल्यानंतर गेल्या आठवड्यात सुशांत पत्नी अपेक्षा हिच्यासह पहिल्या रेडिएशनसाठी चालत निघाला. फलकाखाली एका अनोळखी बाईने आधी वर पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात दहाची नोट घालून हात जोडले. तो तिथूनच मागे फिरला. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही. मागच्या गल्लीतून टॅक्सीने नेतो म्हटले, तरी ऐकत नाही. घरातही तोंडाला रुमाल बांधून बसतो. अर्जदार भेटावयास गेला असता जड जिभेने त्याने एवढेच विचारले, "डब्यार कधी कोणाचा नाव लिवलेला बघलंस?" अपेक्षाने जिन्यापर्यंत येऊन सांगितले, "भावोजी, ते म्हणतत, तो वरचो उतरल्याशिवाय मी खाली उतरूचंय नाय."

६. अर्जदाराने स्वतः फलक का काढू नये, असा प्रश्न साहेबांस पडेल. तो शिडी घेऊन चढला होता. भावी नगरसेवकांच्या पोरांनी "सुपारी कोणाची घेतलीस रे?" म्हणत त्याला खाली ओढले, शिडी अद्याप त्यांच्याकडेच आहे. खरे कारण सांगावे, तर सुशांतला लाज वाटते ही गोष्टही नाक्यावर चघळली जाईल, आणि ती लाज पहिलीपेक्षा मोठी. धरले तर चावते, सोडले तर पळते. आपल्या गाडीने फलक नेला तर मात्र कुणाला काही सांगावे लागणार नाही. लोक महानगरपालिकेला शिव्या घालतील आणि विसरून जातील.

७. इस्पितळाने येत्या सोमवारची तारीख दिली आहे. त्यापुढे उशीर झाला तर झालेल्या शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तरी फलक सोमवारपूर्वी, दिवसाउजेडी, सुशांतला खिडकीतून दिसेल असा उतरवावा व होणारा दंड अर्जदाराकडून वसूल करावा, ही विनंती.

८. एक गोष्ट आगाऊ कळवितो. गाडी कोणी बोलावली याचा संशय येऊ नये म्हणून ती येईल तेव्हा पोरांदेखत अर्जदारास आपल्या माणसांना अडवावेच लागेल. तो गाडीपुढे आडवा पडेल, आपणांस निर्दय म्हणेल, आपल्या पाया पडेल आणि रडेल. त्यातले रडणे तेवढे खरे असेल. तरीही कृपया थांबू नये.

आपल्या कठोरपणाची वाट पाहणारा,
माधव सखाराम घाडीगावकर
लालबाग, मुंबई
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४