डाव्या बाजूची खुर्ची

आबा, माझा डावा कान कामातून गेला. काल डॉक्टरीणबाईंनी कानाला यंत्र लावून तपासलं आणि काहीतरी सांगितलं. मी म्हणाले, "हो हो, अगदी बरोबर." बाहेर आल्यावर सुनेनं विचारलं, "आई, तुम्हाला मशीन बसवायचंय ना मग?" तेव्हा मला कळलं की मी कशाला हो म्हणून आले. रिक्षात बसल्यावर मला हसू आवरेना. सुनेला वाटलं, मी घाबरले. मी तिला तुमचं 'व्हय' सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ती गोष्ट आधी तुम्हाला सांगायची राहिली आहे.

एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातल्या मागांनी तुमचा डावा कान पार खाल्ला होता आणि उजवा निम्मा ठेवला होता. पण ऐकू येत नाही हे कबूल कराल तर शपथ. आपल्या घरात तुमची दोन व्हय होती. ऐकलेलं व्हय एकदाच यायचं, जरा उशिरा, मिशीवरून हात फिरल्यावर. न ऐकलेलं यायचं लगेच आणि जोडीनं, "व्हय की, व्हय!" आणि वर भलंमोठं हसू. शेजाऱ्यांनी अंगणात वाकून स्वतःच्या मोडक्या सायकलीत हवा भरता भरता तुमची सायकल मागितली, तुम्ही "व्हय की, व्हय" म्हणालात आणि सायकल चार दिवस अक्कलकोटला जाऊन राहिली. तुम्ही शुक्रवार पेठेतून कारखान्यापर्यंत चालत गेलात आणि आईवर डाफरलात, "मी कवा व्हय म्हनलो?"

तुमच्यामुळे आपण सगळेच ओरडून बोलायचो. त्या मुलाखतीतही मी तशीच बोलले. शाळेतल्या बाईंनी माझं नाव दिलं होतं. एक वर्ष अमेरिकेत, तिथल्या शाळेत, तिथल्याच एका घरी राहायचं. अख्ख्या गावातून एक मुलगी निवडणार होते. मी इंग्रजीत असा काही आवाज लावला की समोरचे गृहस्थ म्हणाले, "बाळ, आम्ही इथंच बसलोय, पुण्यात नाही." मला वाटलं, संपलं. पण निवड माझीच झाली. बाई म्हणाल्या, बाकीच्या मुलींचा आवाज घशातून बाहेरच आला नाही. म्हणजे मला अमेरिकेचं दार उघडलं ते तुमच्या गेलेल्या कानानं.

आता उरली होती तुमची सही. आणि मंगळवेढ्याची आत्या दिवाळीतच येऊन गेली होती. तिच्या दिराचा मुलगा, बारा एकर ज्वारी, मॅट्रिक झाली की पोरीला उजवून टाकू. हे सगळं ती तोंडाला पदर लावून बोलली आणि तुम्ही म्हणालात, "व्हय की, व्हय!" आत्या पेढे देऊन गेली. मी मोरीत जाऊन रडले. तुम्ही नीट ऐकलंत तर नाहीच म्हणाल, अशी माझी खात्री होती. पोर परक्या देशात, परक्यांच्या घरात, वर्षभर. कोणता बाप हो म्हणेल? तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला नीट ऐकूच येऊ द्यायचं नाही.

मुलाखतीतले ते गृहस्थ फॉर्म घेऊन घरी आले, त्या दिवशी तुमची सुट्टी होती. त्यांचा आवाज अगदी मऊ, दवाखान्यात बोलतात तसा. मी शेजारून खुर्ची आणली आणि तुमच्या डाव्या बाजूला ठेवली. जरा तिरकी, खिडकीजवळ. आई आत चुलीपुढे होती. ते सांगत होते की मध्येच परत येता येणार नाही, तिथं बर्फ पडतं, घरातली माणसं चांगली आहेत, हिच्याच वयाची एक मुलगी आहे, दोघी एकाच खोलीत राहतील. तुम्ही त्यांच्याकडे एकटक बघत होतात. मला वाटलं, टाय लावलेला माणूस आपल्या घरात बसलेला बघून तुम्हाला अचंबा वाटतोय. शेवटी त्यांनी विचारलं, "मग, पाठवता ना मुलीला?" तुम्ही मिशीवरून हात फिरवलात आणि व्हय म्हणालात. एकदा की दोनदा, ते मी मोजलं नाही. मला व्हय हवं होतं, कुठलंही चाललं असतं. तुम्ही पेन मागून घेतलंत आणि अक्षर अक्षर जोडत सही केलीत. आणि मी, तुमची लाडकी लेक, मनात म्हणत होते, जमलं!

नंतर आईनं, मी तिला सांगितलं होतं तेवढं, तुमच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ठावं हाय की." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हेही न ऐकलेलंच, असं धरून चाललो. आत्या भांडायला आली तेव्हा मात्र तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत, "मी कवा व्हय म्हनलो?" त्या वेळचं तुमच्या मिशीतलं हसू मला दिसलं होतं, पण कळलं नाही. पुढचे दोन महिने पासपोर्टचे फोटो, दंडावर टोचलेल्या सुया, आईनं उसवून पुन्हा विणलेला स्वेटर, काट्या-चमच्यानं पिठलं खायची तालीम यांत गेले. पिठलं काट्यावर ठरेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लई उपाशी राहशील बग." बॅग मात्र तुम्ही स्वतः भरलीत, आईला हात लावू दिला नाहीत.

ती बॅग मी तिथं पोचल्यावर उघडली. तळाशी चादरी निघाल्या, तुमच्याच मागावरच्या. दोन. रंग एक, काठ एक, एकाच ताण्यातल्या, एकाच उभ्या सुतावर विणलेल्या. त्या घरातली मुलगी शेजारच्या पलंगावर बसून बघत होती. तिनं विचारलं, दुसरी कोणासाठी? मी म्हणाले, "तुझ्यासाठी." आणि म्हणता म्हणता माझ्या ध्यानात आलं. त्या घरात मुलगी आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही, जितकं कमी सांगू तितके प्रश्न कमी, असा माझा शहाणपणा. ते फक्त त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, मऊ आवाजात, डाव्या बाजूच्या खुर्चीतून.

कोडं सुटलं वर्षानं, परत आल्यावर. पहिल्याच आठवड्यात मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले. तोवर मला कधी तुम्ही आत येऊ दिलं नव्हतं. त्या खडखडाटात माझं मलाच काही ऐकू येईना, आणि तुम्ही मात्र चार माग पलीकडच्या सोबत्याशी खुशाल गप्पा मारत होतात. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. दोघं हसतही होतात. जेवणाच्या सुट्टीत ते काका मला म्हणाले, "आमी हितं कानानं कुटं ऐकतो, बाय? तोंड बगून वळकायचं. तुजे आबा तर लई तयार. त्या टोकाला मुकादम कुणाला शिव्या देतोय, ते हितनं सांगत्यात." मी डब्याचं झाकण हातात धरून उभीच राहिले. आई पाठमोरी बोलायची, शेजारी वाकून, आत्या पदराआडून. आणि मी अतिशहाणीनं त्या गृहस्थांना असं बसवलं होतं की खिडकीचा उजेड बरोब्बर त्यांच्या तोंडावर पडावा.

तुम्ही सगळं ऐकलं होतंत, आबा. पोरगी आपल्याला फसवते आहे हेही बघितलं होतंत आणि तरी पेन मागितलंत. त्यानंतर वीस वर्षं तुम्ही होतात. मी नोकरीला लागले, माझ्या पसंतीनं लग्न केलं, तुम्ही प्रत्येक वेळी एकदाच व्हय म्हणालात. खुर्चीचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मला लाज वाटायची.

मात्र त्याआधी एकदा मी तो काढला होता. स्टेशनवर, अमेरिकेला निघायच्या दिवशी. गाडी हलली, तुम्ही खिडकीबरोबर चालत होतात. त्या गोंधळात तुम्हाला काही ऐकू येणार नाही, या भरवशावर मी आवाज न काढताच म्हणाले, "आबा, खुर्ची मी मुद्दाम तितं ठेवली हुती." तुम्ही जरा थांबलात, मिशीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "व्हय."

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी करून त्या जुन्या चादरीत ठेवते. पण एक राहिलं. त्या व्हयनंतर मी तोंड आत वळवलं आणि म्हणाले, "आबा, मला उतरवून घ्या. मला भ्या वाटतंय." तेवढं एक तुम्ही बघितलं नाहीत. बरं झालं.