मामांचं कुलूप

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (अर्धाच समजा, कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि तुमचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. सात वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही, त्या अर्थी राग तरी ठणठणीत असावा.

लिहिण्यास कारण, आपण जिंकलो! तुम्ही सुरू केलेल्या ग्रंथालयांच्या फुकट संगणक-प्रोग्रामात कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी जुनी व्यवस्था (तुम्हीच बसवलेली, म्हणून नावं ठेवत नाही) अखेर निवृत्त झाली. चौदा स्वयंसेवकांपैकी तेरा मतं नव्या व्यवस्थेला. चौदावे गणिताचे मास्तर, ते मत द्यायचं बटण शोधत राहिले.

विजय सुखासुखी मिळाला असं मात्र समजू नका. आमच्या चौदांतलेच दंतवैद्य आडवे पडले होते. "दात दुखत नाही तोवर उपटायचा नाही," हे त्यांचं दर बैठकीतलं पालुपद. बैठका त्यांच्याच दवाखान्यात, समोर चिमट्यांचा ट्रे, त्यामुळे वाद घालायची कोणाची छाती होईना. मी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा त्यांनी आत डोकावून पाहिलं. पण जुन्या व्यवस्थेत एकाने फाईलला कुलूप घातलं की तो काढेपर्यंत बाकीच्यांनी हाताची घडी घालून बसायचं, हे तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी छपाईची फाईल दुरुस्तीला घेतली, अर्धवट बिघडवली, आणि कुलूप तसंच ठेवून सहकुटुंब डोंगरात गेले, जिथे फोन लागत नाही. अकरा दिवस एकाही ग्रंथालयात कागद छापून निघेना. आमच्या ग्रंथपालबाई रोज त्यांच्या बंद दवाखान्याकडे रागाने बघून यायच्या. परतल्यावर डॉक्टरांनी स्वतःच ठराव मांडला आणि मी इतक्या जोरात अनुमोदन दिलं की बाहेरचा पेशंट घाबरून घरी गेला.

नव्या पद्धतीत आम्ही कुलूपच ठेवलेलं नाही! सगळ्यांनी एकदम काम करायचं, भांडण झालं तर समोरासमोर बसून मिटवायचं. बारा वर्षांच्या नोंदी सुखरूप आल्या. तुमची पहिलीसुद्धा: "सुरुवात केली. चहा गार झाला." डॉक्टरांनी ती मोठ्याने वाचली, आणि खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

मामींना नमस्कार.

तुमचा विजयी भाचा

ता. क. एकच फाईल जुन्या व्यवस्थेत राहिली आहे, पुस्तक परतीच्या तारखेची. तुम्ही तिच्यात एकोणतीस फेब्रुवारी विसरलात, मी चारचौघांत हसलो, आणि तुम्ही दुरुस्तीसाठी कुलूप घालून जे उठून गेलात ते गेलातच. तेव्हापासून ग्रंथपालबाई त्या तारखेला ग्रंथालयच बंद ठेवतात. हसलो ते चुकलंच माझं. रविवारी येऊन कुलूप काढाल का?

पुन्हा ता. क. दुसऱ्याचं कुलूप तोडायला एका ओळीची आज्ञा पुरते, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. आम्हा चौदाही जणांना ती पाठ आहे. सात वर्षांत एकानेही वापरली नाही. डॉक्टरांच्या त्या अकरा दिवसांतही नाही, कारण एकदा वापरली की तुमचं कुलूपही राहिलं नसतं. चहा गरम ठेवतो.