समुद्र पाहिलेले डबे

प्रेम नगर, झाशी
१८ नोव्हेंबर १९९९

ती. स्व. जनार्दनदादा यांना रामकृष्णाचा झाशीहून साष्टांग नमस्कार. लीलावहिनींनाही नमस्कार सांगावा. कंबरेमुळे त्यांना उठवत नसेल तर बसल्या जागी पोचवावा. (कंबरेची चौकशी पुढे सविस्तर येईलच.) इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. प्रमोदिनीचे गुडघे सुजलेत, माझं डोकं पंधरा दिवस तापलेलं आहे, आणि शेजारचे गोविंदराव मला पाहिलं की खोकतात. हे सगळं तुमच्या एका पत्रामुळे झालंय, तेव्हा ते तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

दादा, तुम्ही माझे मामेभाऊ, मला वडील, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. पण झाशीला प्रत्येक गाडी आठ-दहा मिनिटं थांबते, हा आमच्या घराला लागलेला शाप आहे. तुम्ही बँकेच्या नोकरीत ग्वाल्हेर सोडून मडगावला गेलात, तिथेच घर बांधलंत, चांगलं झालं. पण तेव्हापासून वर्षातून दोनदा तुमचं पोस्टकार्ड येतं. अमुक तारखेला निघतोय, बोगी अमुक, माणसं इतकी, भेटीची फार ओढ लागली आहे, बटाट्याची भाजी कोरडी असावी. की लागली प्रमोदिनी पहाटेपासून पुऱ्या लाटायला! मी दोन्ही हातांत डबे घेऊन फलाटावर उभा, आणि आमचा जुना हमाल हरप्रसाद दरवेळी विचारणार, "बाबूजी, आज को जा रओ?", म्हणजे आज कोण निघालंय. तुमची गाडी आली की मी आत चढायचं, डबे बाकाखाली सरकवायचे, पोरांच्या पाठीवरून हात फिरवायचा, तेवढ्यात शिटी होते आणि तुम्ही ओरडता, "उतर रे रामकृष्णा, गाडी सुटेल!" मी उतरतो. गाडी सुटते. डबे तुमच्याबरोबर जातात आणि परत येत नाहीत. लग्नातला चार पुडांचा पितळी डबा, आईचा नाव घातलेला स्टीलचा, झाकणावर मोर असलेला, सगळे मडगावला. आमच्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी समुद्रकिनारी राहायला गेली दादा, आणि आम्ही दोघं इथे ताटलीवर ताटली झाकून दिवस काढतोय.

मी झाशीच्या आरक्षण खिडकीवर चौतीस वर्षं बसलो. लोकांना पुरीला पाठवलं, रामेश्वरला पाठवलं, कन्याकुमारीला पाठवलं. स्वतः समुद्र पाहिलेला नाही. आमचे पूर्वज कोकणातून इकडे आले त्याला दोनशे वर्षं झाली, आणि तो अजून जागेवर आहे का हे बघायला कोणी मागे फिरलं नाही. प्रमोदिनीला लग्नात कबूल केलं होतं की रेल्वेचा पहिला फुकट पास समुद्राचा. मग पास निघत गेले ते मुंजींना, बारशांना, सुतकांना. आता निवृत्तीनंतर वर्षाचा एकच पास मिळतो, यंदाचा एकतीस डिसेंबरला बाद होतो, आणि डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून सांगितलंय की अम्मा, जहां जाना है इसी साल हो आओ. पुढच्या वर्षी वाळूत पाऊल टाकता येईल याची ते हमी देत नाहीत.

म्हणून मी गोव्याची सहल काढली. तुम्ही खिडकीतून दरवेळी सांगायचात ना, एकदा याच समुद्रावर, चार जण या, चाळीस जण या, घर आपलंच आहे! मी मूर्ख, मला ते खरं वाटलं. चाळीस नाही, अकराच जण जमवले. गोविंदराव रेल्वेतले निवृत्त गार्ड, त्यांच्या गच्चीवर सभा. ते अजून खिशात शिटी बाळगतात, आणि शिटी वाजवल्याशिवाय सभा सुरूही होत नाही आणि संपतही नाही. (मध्ये कोणाला बोलायचं असेल तर त्यांच्याकडून झेंडी मिळावी लागते.) लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळचे दत्तोपंत भटजी पंचांग घेऊन आले आणि समुद्रस्नानाला पर्वणीच हवी म्हणून अडून बसले, इतर दिवशी फार तर पाहता येईल म्हणाले, तेही काठावरून. गोविंदरावांची सून कांचन, बँकेत आहे, तिने सगळ्यांसाठी गवताच्या टोप्या आणल्या आणि सभेत घालून बसवल्या, कारण अंकल, बीच पे टोपी के बिना कोई जाता है क्या. पानवाल्यापर्यंत बातमी गेली. सदर बाजारात मला लोक थांबवून विचारू लागले की गोवा कब.

आणि एका संध्याकाळी बायकांनी लक्ष्मी तालावर तालीम केली. लाट आली की निऱ्या कशा धरायच्या याची! ताल म्हणजे काय, शेवाळ आणि जलपर्णी, लाट शोधूनही सापडायची नाही. कांचन पायरीवर उभी राहून "आई लहर, आई लहर" म्हणे आणि बाकीच्यांनी निऱ्या वर घ्यायच्या. बाकीच्या हसत होत्या. प्रमोदिनी हसत नव्हती. ती दुखऱ्या गुडघ्याने एक पायरी खाली उतरली, पाण्यात पाऊल ठेवून डोळे मिटून उभी राहिली आणि मला म्हणाली, खारट वास कसा असतो हो? मला काय माहीत! मी म्हटलं, दादांना विचारू.

मग, आम्ही अकरा जण येतोय या माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं. माझी चूक एवढीच की ते मी घरी फोडलं नाही. विश्वास, दुसरं काय? गच्चीवर अकराही जणांसमोर पाकीट उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. "चि. रामकृष्णास आशीर्वाद" इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. पुढे घराला रंग चालू आहे. त्याच्या खाली विहिरीतला गाळ काढायला घेतलाय. त्याच्या खाली वहिनींच्या कंबरेत उसण भरली आहे, डिसेंबरभर हलायचं नाही. माझा आवाज ओळीगणिक खाली जात होता आणि थांबताही येईना, कारण कांचन मागून पत्रात बघत होती. शेवटी तुम्ही लिहिलंय की समुद्र काय, कुठे पळून जातोय, निवांत केव्हातरी या! दादा, समुद्र पळत नाही. माणसं म्हातारी होतात. गोविंदरावांनी शिटी वाजवली आणि सभा संपली.

अकरा जणांना एवढ्या थोड्या वेळात दुसरीकडे कुठे उतरवणार? त्यांनी सहल ओरछ्याला नेली. तिथे बेतवा नदीत घोट्याएवढ्या पाण्यात टोप्या घालून उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. गोविंदराव म्हणाले, अरे भैया, पानी तो पानी है. प्रमोदिनी गेली नाही. तिने तिची टोपी खुंटीला अडकवली आणि मेथी निवडत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा दादा, स्पष्ट लिहितो. मला राग आला आहे, खूप आला आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. यापुढे आमच्याकडून डबा येणार नाही. झाशीला गाडी थांबली तर फलाटावर वडे मिळतात. ते शिळे असतात हे मी अनुभवाने सांगतो. घरातील थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. त्यांचा यात दोष नाही.

आपला नम्र (सवयीने),
रामकृष्ण

ता. क. प्रमोदिनी विचारते, वहिनींची कंबर कशी आहे. गरम विटेने शेकावं म्हणते. मी लिहिणार नव्हतो, पण ती बाजूला उभी राहून बघते आहे.

ता. क. दुसरा. (२१ नोव्हेंबर) पाकिटाला खळ लावत होतो तोच तुमचं पोस्टकार्ड आलं. दोन डिसेंबरला आपण नऊ जण हरिद्वारला निघालात, वाचून आनंद झाला. वहिनींची कंबर हरिद्वारपर्यंत बरी आहे तर! विहिरीतला गाळ कोणाच्या स्वाधीन केलात ते लिहिलं नाहीत. जाताना पुऱ्या, येताना गुळाच्या पोळ्या, आणि मुलांना तिखट चालत नाही, हे सगळं समजलं. परतीची तारीख, बोगी आणि बर्थ नंबर सुवाच्य अक्षरात दिलेत त्याबद्दल आभारी आहे. चौतीस वर्षं त्याच खिडकीवर काढलेल्या माणसाला एवढी माहिती पुष्कळ झाली.

ता. क. तिसरा. (३ डिसेंबर) हे पत्र टपालाने पाठवत नाही, पुऱ्यांच्या डब्यात वरच ठेवतोय. तुमच्या हाती लागेल तेव्हा गाडी दतिया ओलांडून ग्वाल्हेरकडे पळत असेल, म्हणजे उतरून वाद घालता येणार नाही. बारा तारखेला परत येताना नेहमीप्रमाणे फलाटावर डबे घेऊन उभा असेन. या वेळी प्रमोदिनीही असेल. टोपी घालून येणार आहे, हसू नका. एस-सात, तुमचे तेहेतीस ते एकेचाळीस. चव्वेचाळीस आणि पंचेचाळीसवर तुमची वळकटी पसरू नका, झाशीच्या कोट्यातले ते दोन बर्थ यंदाच्या पासावर आमचे आहेत, मडगावपर्यंत. रंग ओला असला तरी चालेल, आम्ही भिंतीला टेकणार नाही. जेवायचीही चिंता नको, आमचे डबे तिथे आहेतच. निरोप द्यायला गोविंदराव येणार आहेत, शिटी घेऊन. ती वाजली की "उतर रे रामकृष्णा" म्हणून ओरडू नका. मी उतरणार नाही. गाडी सुटू दे.