तुझ्या मुठीचं माप

प्रिय वत्सला,

कशी आहेस? आईचे गुडघे तिकडे तरी दुखायचे थांबले का? बाबांचा खोकला? मी ठणठणीत आहे. आज अभनपूरच्या वावरात तुझ्या दुबराज धानाला लोंब्या निसवल्या! ब्राह्मणपाऱ्यात घरी आलो, पाय धुतले आणि कागद घेऊन बसलो. तुला नाही तर कोणाला सांगू?

भादव्यात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आपला प्रशांत म्हणाला, "बाबा, धान उपाशी दिसून राहिलं. युरिया देऊन टाकू."

तू करायचीस तसंच केलं. पान कापून गिलासातल्या पाण्यात धरलं. कापल्या जागेतून दुधाळ धार सुटली.

"नाही रे, दुधाळ धार म्हणजे करपा रोग. युरिया पाजशील तर अजून माजंल."

"मग बाजारातली पावडर मारू. आई गेली, तिचं बियाणं एवढंच उरलं आहे!"

"बियाणं आईचं, तर औषधही आईचंच."

छाती ठोकून बोललो खरा. पण तुझ्या कडुलिंबाच्या काढ्याला मीच किती हसायचो! "धानासाठी चटणी वाटून राहिली का?" म्हणायचो. तेव्हा नीट बघितलं असतं तर? आणि तुझंही चुकलंच. "बादलीला दोन मुठी लसूण" सांगितलंस. कोणाच्या मुठीनं, ते काहून नाही सांगितलं? मी माझ्या पंजानं घेतला आणि काढा फवारला. तिसऱ्या दिवशी पानांचे शेंडे भाजल्यासारखे! प्रशांतनं एक भाजलेलं पान आणून माझ्या हातात ठेवलं. तेच जास्त लागलं.

मग धानाच्या कोठीकडे लक्ष गेलं. गेल्या दिवाळीला तू तिच्यावर पिठाचा हात उमटवला होतास ना? मी तो सुतळीनं मापत होतो, तर नात परी धावत आली. "दादाजी, मेरा हाथ लगाओ ना!" बोटाला बोट जुळलं, वत्सला!

तेव्हापासून लसूण परीच्या मुठीनं. वावराच्या बांधीतलं पाणी काढलं, युरिया दिलाच नाही, आठ दिवसांनी पुन्हा फवारलं. करपलेली पानं काही परत हिरवी झाली नाहीत. पण नवी पानं निर्मळ आली. प्रशांत आता शेजाऱ्यांना गिलास दाखवत फिरतो, जणू त्यानंच शोध लावला!

यंदा दिवाळीला कोठी सारवू, पण तुझ्या त्या पिठाच्या हाताला पोतेरं लागू देणार नाही. त्याच्या शेजारी परीचा उमटवू. आणि तुझं बियाणं पुढच्या साली पेरणारच, हा माझा शब्द.

एक मात्र विचारायचं राहूनच गेलं. काढ्यातली हळद पाला उकळण्याआधी घालायची की नंतर? मी आधी घातली. चुकलं असेल तर लवकर लिही.

तुझाच,
मोठ्या पंजाचा नारायण