दमयंतीचं माहेरपण

उंद्री, दिवाळीच्या तोंडावर

मलकापूरनिवासी, कार्पासकुलभूषण, माझ्या लेकीचे सासरे आणि माझे एकुलते एक व्याही श्री. भगवानराव यांना रंगरावाचा कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार. (कंबर फारशी वाकत नाही. त्यामागे एक पलंग आणि एक बोका आहे, ते ओघात येईल.)

आपली साखर आटोक्यात असेल, निदान विहीणबाईंच्या नजरेआड तरी असेल, अशी आशा करतो. सौ. मनकर्णाबाईंचे गुडघे काय म्हणतात? जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागायला लागल्या असतील, त्यामुळे हे पत्र आपण जेवताना वाचाल आणि त्या डाळ निवडता निवडता ऐकतील, हे मी धरून चाललो आहे. चि. सौ. सुचिता फोनवर रोज "बरी आहे बाबा" एवढंच सांगते. सातवा लागलेल्या मुलीने याहून थोडं जास्त बोलावं, पण हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. त्याचं असं आहे, की आपल्याकडचा फोन विहीणबाई स्पीकरवर ठेवतात. आणि समोर स्पीकर आहे असं कळलं, की उभी हयात वर्गात संस्कृत शिकवलेल्या या माणसाच्या तोंडून "हो", "बरं" आणि "तिकडे पाऊस आहे का" यापलीकडे वाणी फुटत नाही.

गणपतीत आपण उभयता आमच्याकडे आलात. निघताना विहीणबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून गॅस पाहिला, फळी पाहिली, फळीवरचा झाकण नसलेला मिठाचा डबा जरा जास्त वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "घर चांगलं हाय हो सर. पण घरात बाईमाणूस नाही ना. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणता, तं तिच्याकडे कोण पाहीन?" त्यावर मी आपल्याला आणखी एक कप चहाचा आग्रह केला. (सुचिताची आई असती तर उत्तर तिने दिलं असतं. आमच्या संसारात ते खातं तिच्याकडे होतं.) असो. हे पत्र त्या विषयावर नाही. हे पत्र एका मांजरीविषयी आहे.

आपली गाडी फाट्यावरून वळलीही नसेल, तोच एक करडी मांजर अवघडलेलं पोट सांभाळत उंबरा ओलांडून आत आली. इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, सरळ जाऊन माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर बसली. माहेरी आलेली लेक जशी कुणाला विचारत नाही, तशी. मी तिचं नाव दमयंती ठेवलं. शेजारच्या रुखमाबाई तिला दमी म्हणतात. (रुखमाबाईंची मुलं पुण्याला असल्यामुळे त्यांचं सगळं लक्ष माझ्या घराकडे असतं.)

डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या "दौहृद" वरून आला. पोटात दुसरं हृदय वागवणारी ती दोन हृदयांची, आणि तिची इच्छा म्हणजे दोघांची इच्छा, ती मोडू नये, असं शास्त्र. दमयंतीच्या बाबतीत हृदयं नक्की किती हे सोनोग्राफीवाचून कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी सगळ्याच इच्छा पुरवायच्या ठरवल्या. तिला दूध गायीचं लागे, म्हशीचं चालत नसे, आणि तेही माझ्या ताटलीतलं. मी खामगावला जाऊन डिंक, खारीक, खोबरं आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डिंकाचे लाडू वळले. दमयंतीने एक हुंगला आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मी नजर वळवली. रुखमाबाईंनी एक उचलून फरशीवर ठोकून पाहिला. "सर, हे लाडू हायेत का गोटे? दमीचं जाऊ द्या, तुमची तरी कवळी शाबूत ठेवा." उरलेले मी एकट्याने संपवले. सध्या माझी हाडं फार मजबूत आहेत.

मध्यंतरी ग्रहण झालं. गर्भवतीने ग्रहणात काही चिरू-कापू नये, स्वस्थ बसावं, हे विहीणबाईंचं मत मला माहीत असल्यामुळे मी दमयंतीला माजघरात कोंडून समोर स्तोत्र म्हणत बसलो. तिने ते शांतपणे ऐकलं आणि मध्येच कणगीमागून एक उंदीर ओढून काढून माझ्यादेखत त्याचे दोन भाग केले. विहीणबाईंच्या माहितीसाठी लिहितो, की पिल्लांचे सर्व कान आणि ओठ जागच्या जागी आहेत.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर धम्मरत्न हे माझे जुने विद्यार्थी. (आठवीत संस्कृत सोडून हिंदी घेतलं. ते दुःख मी पचवलं आहे, त्यांच्या लक्षात आहे की नाही ठाऊक नाही.) एक गाभण म्हैस आणि तीन शेळ्या यांच्या मध्ये, मांडीवर पिशवी आणि पिशवीत दमयंती, असा मी नंबर लावून बसलो. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मग मला. "सर, ती एकदम ठणठणीत आहे. तुमचं बीपी काऊन येवढं वाढलं?" मी सांगितलं, की पहिलंच बाळंतपण आहे. "तिचं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या हातचं."

मग मी जागा सिद्ध केली. उबदार खोकं, आत जुनी सतरंजी, वर मच्छरदाणी, कोपऱ्यात ओव्याच्या धुरीची शेगडी. गल्लीतला एक दांडगा बोका फेऱ्या मारायला लागला. (पिता तोच असावा. चेहरा तसाच बेजबाबदार होता.) एकदा तो पलंगाखाली दडून बसला, तेव्हा त्याला हाकलायला मी अख्खा पलंग उचलला. बोका गेला, पलंग खाली आला, कंबर मात्र तिथेच राहिली.

आणि मागच्या पंधरवड्यातल्या एका रविवारी भर दुपारी, लाइट गेलेली असताना, दमयंतीने माझ्या खोक्याकडे ढुंकूनही न पाहता स्वतःच्या पसंतीच्या जागी (जागेचं शेवटी सांगतो) कळा द्यायला सुरुवात केली. पहिलं पिल्लू झालं, दुसरं झालं, तिने दोघांना चाटून स्वच्छ केलं. तिसरं आलं ते लुळं, ओल्या वातीसारखं. दमयंतीने त्याला एकदा ढोसलं आणि तोंड फिरवलं. रुखमाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या सर, ते नाही टिकत." मला का कोण जाणे, विहीणबाईंचं ते वाक्य आठवलं. कोण पाहीन तिच्याकडे. मी धम्मरत्नांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, टॉवेल घ्या अन् चोळा. जोरात. तोंड खाली करून नाकातलं पाणी काढा. मंत्र म्हणू नका, चोळा!" मी मनातल्या मनात म्हणत होतोच, पण हात थांबू दिला नाही. बराच वेळ काही नाही. रुखमाबाईही पदराने वारा घालायच्या थांबल्या. आणि मग माझ्या तळहातात काहीतरी थरथरलं, आणि सुई टोचावी इतका बारीक आवाज आला.

भगवानराव, मी आजवर बोर्डात संस्कृतला शंभरपैकी शंभर घेणारी मुलं घडवली आहेत. त्यांतल्या एकाचाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. रुखमाबाई म्हणाल्या, "सर, रडून राह्यले का?" मी म्हटलं, ओव्याचा धूर आहे. "शेगडी तं पेटवलीच नाही अजून," त्या म्हणाल्या. असो. पाठोपाठ चौथं सुखरूप झालं. बाळ-बाळंतीण सर्व खुशाल आहेत, चौघांचेही डोळे उघडले आहेत, आणि ते तिसरं सगळ्यात दांडगं निघालं आहे. बापावर गेलं.

थोरांना नमस्कार, साखरेला आवर, आणि सुचिताला सांगा, की बाबा बरे आहेत.

आपला व्याही,
रंगराव

ता. क. : वरील पत्र वाचून आपल्याला शंका येईल, म्हणून स्पष्टच लिहितो. मला सुचिताला बाळंतपणासाठी घरी आणायचं आहे. हे मला गणपतीतच म्हणायचं होतं, पण मी चहा विचारला. तिलाही यायचं आहे. तिने ते मला सांगितलं आणि वर म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारा." चिखलीच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घालायचं बोलून ठेवलं आहे, गाडीवाला ठरला आहे, आणि रुखमाबाई आमच्याकडे मुक्कामाला यायला तयार आहेत. धम्मरत्न म्हणतात, की पोटुशीने मांजरीच्या घाणीला हात लावू नये. ते खातं मी घेतलं आहे, आणि दमयंतीचा परिवार रुखमाबाईंच्या ओसरीवर हलेल.

ता. क. दुसरा : दमयंतीने निवडलेली जागा म्हणजे पाळणा. सुचिताचाच. पोळ्यालाच माळ्यावरून काढून, सुताराकडून नीट करून, रंग देऊन, आत तिच्या आईच्या मऊ लुगड्याची दुपटी घालून ठेवला होता. हे पत्र त्या विषयावर नाही असं मी वर लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. दुपटी दोनदा उकळत्या पाण्यातून काढली आहेत, पाळण्याला पुन्हा रंग दिला आहे.

ता. क. शेवटचा, फक्त विहीणबाईंसाठी : मिठाच्या डब्याला झाकण बसवलं. बाकीचं सगळं मी पाहीन. डिंकाचे लाडू मात्र आपणच घेऊन यावेत, आणि ते संपेपर्यंत इथेच राहावं.